सूचना : जानेवारीतली मरू राष्ट्रीय उद्यानाची सहल

सर्व सभासदांना नमस्कार. जैसलमेरला जाणाऱ्यांनी आपली नावं या रविवारपर्यंत नक्की सांगावीत. रेल्वेचं आरक्षण त्यानंतर मिळणं कठीण, आणि जोधपूरला गाडी बदलायची आहे.

थंडीबद्दल मुद्दाम सांगते. नागपूरच्या थंडीत निभतं म्हणून एका स्वेटरवर निघू नका. तिथे दुपारी ऊन चटकतं, पण सूर्य बुडाला की वाळू झपाट्याने गार पडते. कानटोपी, हातमोजे आणि जाड मोजे हवेतच. पहाटे उघड्या जीपमध्ये बोटं इतकी आखडतात की दुर्बिणीचं चाक फिरत नाही.

उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं. आपण सुदासरी भागात माळढोक बघायला जातोय. आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळावर एकेकाळी दिसणारा हाच पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नसल्याने उडताना विजेच्या तारांवर आदळून कितीतरी पक्षी मरतात. म्हणून कळकळीची विनंती : फोटोसाठी जीपमधून उतरायचं नाही, पक्ष्याच्या मागे गाडी लावायला चालकाला सांगायचं नाही. लांबून दिसला तरी पुष्कळ झालं.

सीमेलगतचा भाग असल्याने मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. पाणी प्रत्येकी किमान 3 लिटर. संत्री जरूर घ्या, सालं मात्र पिशवीत परत आणायची.

पैसे आणि आधारची प्रत रविवारी सकाळी 8 वाजता अंबाझरी बागेच्या दाराशी द्यावी.