क्लब चालवायचा आहे का, एवढे लेखी सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
(क्लबची मालकी असलेली कंपनी)

विषय : चार हंगाम रखडलेला संघ, बंद केलेली अकादमी आणि सीझन तिकिटावर न मिळालेल्या सुविधा यांबाबत तक्रार

महोदय,
स. न. वि. वि.

मी सहा वर्षांपासून आपल्या फुटबॉल क्लबचा सीझन तिकीटधारक आहे. पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसतो. मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वडिलांच्या शेजारी बसून फुटबॉल बघायला शिकलो. पेठेची टीम हरली की त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवत नसे. त्यामुळे हरणे मला नवीन नाही. दोन वर्षे वाईट गेली म्हणून मी पत्र लिहायला बसलो नसतो.

पण चार हंगाम झाले, आपण गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यातून वर आलेलो नाही. या काळात पाच कोच झाले. नवा कोच आधीच्याचे खेळाडू काढतो, स्वतःचे आणतो, आणि ते एकमेकांना ओळखू लागेपर्यंत त्यालाच निरोप मिळतो. गेल्या जानेवारीत तुम्ही सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू विकला. क्लबला पैसा लागतो, मला समजते. त्याच्या जागी मात्र कुणालाच आणले नाही, आणि उरलेल्या आठ सामन्यांत आपण तीन गोल केले. आठही मी पाहिले. शेवटच्या मॅचला सत्तराव्या मिनिटापासून लोक उठून जाऊ लागले. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे काका पहिल्या हंगामापासून येतात, ते शिट्टी होईपर्यंत बसून राहिले. पुढच्या वर्षीचे तिकीट काढणार ना, असे विचारले, तर काही बोलले नाहीत.

आपण खेळतो ती इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दहा वर्षांत तळाला राहिलेल्या एकाही संघाला खालच्या विभागात जावे लागले नाही. सातवे आलो काय नि दहावे आलो काय, मालकाचे काही बिघडत नाही, अशी सवय या रचनेने लावली. आपल्या क्लबला ती लागली आहे, असे मला स्पष्ट वाटते.

आणि आम्हाला भीती वेगळीच आहे. महाराष्ट्रातल्या फुटबॉलवेड्यांनी क्लब बंद होताना पाहिले आहेत. महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, २०१० मध्ये बंद झाला. २०१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दुसरा आलेला पुणे एफसी पुढे दोन-तीन वर्षांत संपला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली, आणि २०२२ मध्ये हैदराबादच्या संघाने गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा कप उचलला. ती फायनल मी पुण्यातल्या मित्राकडे पाहिली. पुणे सिटीची बालेवाडीची एकही मॅच न चुकवणारा तो माणूस, टायब्रेकर सुरू होताच उठून बाहेर गॅलरीत गेला.

म्हणून तुम्ही निवासी अकादमी बंद केल्याचे कळले तेव्हा पोटात गोळा आला. क्लब गुंडाळायचा असला की पहिली कात्री तिथेच लागते. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा फुटबॉलचे संघ चालवणाऱ्या आमच्या तालमीतालमीत पोरांना वाटले, आपणही जाऊ शकतो. अशा पोरांनी आता कुणाचे दार ठोठवायचे? अकादमीतल्या मुलांचे पुढे काय केले, हेही तुम्ही कुठे जाहीर केलेले नाही.

तिकिटाचे गाऱ्हाणे थोडक्यात सांगतो. यंदा दर वाढवताना खेळाडूंची भेट, जर्सीवर सवलत आणि वर्षातून एकदा मालकांशी बैठक, असे तीन वायदे केले होते. एकही पाळला नाही. स्टँडमधला पिण्याच्या पाण्याचा नळ तीन मॅच बंद होता आणि बाटली आत नेऊ देत नव्हते. तीन ईमेल केले. ‘आपला संदेश मिळाला’ यापलीकडे उत्तर नाही.

माझी मागणी अशी : पाळल्या न गेलेल्या वायद्यांपोटी वाढीव रक्कम सर्व सीझन तिकीटधारकांना परत करावी. अकादमी कधी सुरू होणार ते तारखेसह सांगावे. नव्या हंगामाआधी समर्थकांची बैठक घ्यावी आणि तिला अधिकाऱ्याला न पाठवता मालकांनी स्वतः यावे. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये सभासदांकडे निम्म्याहून जास्त मते असतात. आम्ही तेवढे मागत नाही, संचालकांच्या बैठकीत समर्थकांच्या एका प्रतिनिधीला बसू द्या. आणि पुढची तीन वर्षे क्लब याच शहरात चालवणार आहात का, याचे हो किंवा नाही असे लेखी उत्तर द्या. नाही असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दुसरा कुणी पुढे यायला वेळ मिळेल.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास तिकिटाच्या रकमेसाठी मी ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत तिकिटाची पावती, वायद्यांची जाहिरात आणि तिन्ही ईमेलच्या प्रती जोडल्या आहेत.

कळावे,

आपला,
एक सीझन तिकीटधारक, पूर्व स्टँड