कुलगुरूंच्या खुर्चीत वादळांचा अभ्यासक

महोदय,
कुलगुरू निवडीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा रंगते ती ‘हा कोणाचा माणूस?’ यावरच. पण फिलिपिन्समधलं एक वेगळं उदाहरण पाहा. होसे रामोन व्हिलारिन हे जेझुइट (कॅथलिक ख्रिस्ती संघातले) धर्मगुरू आणि वातावरणशास्त्रज्ञ. आधी कागायान दे ओरोचं झेव्हिअर विद्यापीठ, मग २०११ ते २०२० अतेनेओ दे मनिला, अशी दोन विद्यापीठं त्यांनी सांभाळली. मनिला वेधशाळेची धुराही वाहिली. ही वेधशाळा जेझुइटांनीच १८६५मध्ये उभारलेली. तिथल्याच फादर फाउरा या जेझुइटांनी १८७९मध्ये चक्रीवादळाचा इशारा दिला तो तिथूनच! व्हिलारिन मनिलात आले त्याच वर्षी, २०११च्या डिसेंबरात, ‘सेंडाँग’ वादळाने कागायान दे ओरोमध्ये रातोरात पूर आला, शेकडो माणसं वाहून गेली. अशा देशात विद्यापीठाच्या प्रमुखाला पाऊसवारा कळणं ही हौस नव्हे, गरजच. आपल्या कोकणातही वादळं येतातच की.

– एक निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी