जाम झालेली मोटर का जळते

चि. सोहम यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी दुकान उघडताना बघितला, की लेन्झचा नियम पाठ आहे, प्रॉब्लेमपण सुटतात, पण e = −N dΦ/dt या फॉर्म्युल्यातला तो मायनस कशाला आहे ते कळत नाही आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शनचा सगळा चॅप्टर हवेत वाटतोय. आता हे मी मोबाईलवर टाइप करत बसले तर माझा अंगठा जाईल आणि तू अर्धं वाचून थंब्सअप टाकून मोकळा होशील, म्हणून कागदावर लिहितेय, डब्यासोबत येईल. माझं फिजिक्स बारावीपर्यंतचंच, पण तुझे बाबा मोटरी खोलतात आणि वायंडिंग मी भरते, त्यामुळे हा एक चॅप्टर माझ्या हाताखालून रोज जातो, बाकीचे तुझे तू बघ.

पहिलं म्हणजे चुंबक आणि करंट हे दोन वेगळे चॅप्टर आहेत असं डोक्यात ठेवू नको. 1820 पर्यंत जगालाही ते वेगळेच वाटायचे. कोपनहेगनला ओर्स्टेड म्हणून प्रोफेसर होता, त्याने तारेतून करंट सोडला आणि शेजारची होकायंत्राची सुई वळली, बस, एवढंच. पण ती सुई तारेकडे ओढली गेली नाही किंवा लांबही ढकलली गेली नाही, ती तारेला आडवी व्हायला बघत होती, आणि हेच लोकांना पटेना. म्हणजे करंटभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तारेला वेढून गोल असतं, तुमचा तो उजव्या हाताचा अंगठा आणि वळलेली बोटं, तो हाच. तार गुंडाळून कॉइल केली की ते सगळे गोल आतल्या बाजूने एका दिशेला होतात, मध्ये लोखंड घातलं की जोर कितीतरी पटीने वाढतो कारण लोखंडात आधीच छोटे छोटे चुंबकी भाग असतात, वाट्टेल त्या दिशेला तोंड केलेले, ते रांगेत येतात. झाला इलेक्ट्रोमॅग्नेट.

(हे सुई हलणं किती त्रासदायक असतं बघ. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची वेधशाळा होती, शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा तिथल्या मापांची वाट लागणार हे ओळखून मोजणीचं काम 1904 साली अलिबागला हलवलं. ट्राम धावायला लागली 1907 ला. अलिबागला अजून मोजतात.)

आता करंटने चुंबक होतो तर चुंबकाने करंट व्हायला पाहिजे हे कुणाच्याही मनात येणारच, आणि आलं पण, तरी पुढची 11 वर्षं ते कुणाला नीट जमलं नाही. का नाही जमलं तेच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. सगळे चुंबक कॉइलजवळ ठेवून वाट बघत बसायचे. फॅरेडे, लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, त्याने ऑगस्ट 1831 मध्ये लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना दोन कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी, दुसरीच्या तारेजवळ सुई. बॅटरी जोडली, सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालूच आहे, करंट वाहतोय, कडं चांगलं चुंबक झालंय आणि सुई ढिम्म. बॅटरी काढली, सुई परत हलली, पण उलट्या बाजूला. हे तीन टप्पे डोळ्यासमोर आणल्याशिवाय पुढे वाचू नको. फ्लक्स, म्हणजे कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र, किती आहे याला कुणी विचारत नाही, तो किती झपाट्याने बदलतोय एवढंच बघायचं. तुझ्या फॉर्म्युल्यातला dΦ/dt तो हाच, आणि N म्हणजे मी दिवसभर मोजते ते वेढे.

आणि सुई उलटी का हलली, तो झाला मायनस. कॉइल आपल्या आजीसारखी आहे. नवा फ्रिज घरात आणताना आजी नको म्हणाली, आणि जुना काढायला गेलो तेव्हाही नकोच म्हणाली. तिला नवा आवडत नव्हता किंवा जुना आवडत होता असं काही नाही, तिचं भांडण बदलाशी. तू कॉइलजवळ नॉर्थ आणलास तर कॉइलचं तोंड नॉर्थ होतं आणि ढकलतं, तोच नॉर्थ लांब न्यायला लागलास तर तोंड साउथ होतं आणि ओढून धरतं. लेन्झने हे मांडलं 1834 ला.

बरं, असं नसतं तर? समज कॉइलने विरोध करायच्या ऐवजी मदत केली असती, तर चुंबकाला एकदा हलका धक्का दिला की तो आपोआप जोरात आत गेला असता, करंट अजून वाढला असता, चुंबक अजून जोरात, म्हणजे फुकटची वीज. असं होत नाही. लग्नात मांडवामागे जनरेटर लावतात ना, डीजे आणि हॅलोजन एकदम चालू केले की इंजिनाचा आवाज कसा दबतो आणि धूर काळा होतो, तो त्या मायनसचाच आवाज. वायंडिंगमधून करंट जायला लागला की तो करंट फिरणाऱ्याला मागे खेचतो, मग इंजिनाला जास्त डिझेल प्यावं लागतं. लोड नसेल तर जनरेटर नुसता मजेत फिरतो.

आता मोटरकडे ये, कारण माझ्यामते हा चॅप्टर मोटरवरून शिकवायला पाहिजे, पुस्तकात ती शेवटी शेवटी येते आणि तोपर्यंत पोरं कंटाळलेली असतात.

आपला मिक्सर घे. आतला आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग, करंट मिळाला की फिरतो, पण फिरतोय म्हणजे त्याच्या तारा चुंबकीय क्षेत्रातून जातायत, म्हणजे त्यांच्यात फ्लक्स बदलतोय, म्हणजे मोटर चालू असतानाच ती जनरेटरपण असते, आणि हा जो आतला व्होल्टेज तयार होतो तो लेन्झप्रमाणे बाहेरच्या व्होल्टेजला उलटा. याला तुम्ही बॅक ईएमएफ म्हणता. जेवढी जोरात फिरेल तेवढा हा विरोध जास्त आणि करंट कमी. आता सुकं खोबरं कोंबून भरलं, पातं अडकलं, फिरणं बंद, विरोध गेला, करंट धो धो. करंट सहा पट झाला तर उष्णता छत्तीस पट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. मिक्सरच्या बुडाला ते लाल बटण असतं ते पडलं तर वाचला, नाहीतर येतोच आपल्याकडे, त्या वासासकट.

शेतातला पंप जरा वेगळा, आणि मला विचारशील तर जास्त सुंदर. त्याच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, कुठून वायरच जोडलेली नसते! लहानपणी तू रोटर हातात घेऊन विचारायचास की याला करंट कुठनं जातो, तर उत्तर हे, की जातच नाही, तिथल्या तिथे तयार होतो. बाहेरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या भागात, थ्री फेजमुळे चुंबकीय क्षेत्र गोल फिरत असतं, 50 हर्ट्झ आणि 2 पोल असतील तर मिनिटाला 3000 फेरे. रोटरमध्ये नुसत्या ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्या आणि दोन टोकांना कडी. क्षेत्र त्यांच्यावरून सरकतं, त्यांच्यात करंट येतो, आणि रोटर बदल थांबवायला म्हणून क्षेत्राच्या मागे पळायला लागतो. परत आजी. पण गाठू मात्र शकत नाही, कारण गाठलं की बदल संपला, करंट संपला, जोर संपला. म्हणून नेमप्लेट बघ, 3000 कधीच नसतं, 2880 च्या आसपास असतं. मधले 120 फेरे हा स्लिप. चालत्या रोटरला बदल दिसतो सेकंदाला फक्त 2 वेळा. तोच रोटर जाम झाला, बेअरिंग बसलं किंवा एक फेज गेल्याने सुरूच झाला नाही आणि नुसता गुं गुं करतोय, तर त्याला बदल दिसतो सेकंदाला 50 वेळा. दांड्यांमधला करंट वाढतो, त्याच्यामागोमाग स्टेटरचा, पाच सात पट सहज. उन्हाळ्यात आपल्या दारात रांग लागते ती यामुळे, आणि फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर लोक काढून डायरेक्ट करतात यामुळे. सांगून सांगून दमले मी.

परवा एका मिक्सरचा आर्मेचर ग्राउलरवर लावला तेव्हा तुझीच आठवण आली. ग्राउलर म्हणजे तो व्ही आकाराचा लोखंडी गठ्ठा, खाली कॉइल, एसी सोडायचा. वर आर्मेचर ठेवायचा आणि हॅक्सॉचं पातं स्लॉटवर अलगद धरून आर्मेचर हळूहळू फिरवायचा. चांगल्या स्लॉटवर पातं गप्प. जिथे दोन वेढ्यांचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप, उडून ते एकमेकांना चिकटलेत तिथे आल्याबरोबर पातं तडतड तडतड वाजायला लागतं, हाताला मुंग्या येतात. कुठलीही तार जोडलेली नाही, पण शॉर्ट झालेल्या वेढ्याचं बंद वेटोळं झालं, बदलत्या फ्लक्सने त्यात करंट फिरला, आणि त्या करंटच्या चुंबकत्वाने पातं सेकंदाला 100 वेळा ओढलं. 50 हर्ट्झला 100 का ते तू शोध, सोपंय.

एडी करंट पण सुटत नाही म्हणालास. स्टेटरचं लोखंड सलग का नसतं, पातळ पत्र्याच्या स्टॅम्पिंग एकावर एक का असतात आणि प्रत्येकीवर इन्सुलेशनचा थर का असतो, याचं उत्तर म्हणजेच एडी करंट. सलग लोखंड बदलत्या फ्लक्सला एक मोठं वेटोळंच दिसतं, त्यात करंट गरगरतात आणि लोखंड फुकट तापतं. काही जण जुनं वायंडिंग काढायला स्टेटर आगीत लालभडक करतात, काम पटकन होतं, पण तो थर जळतो आणि मग मोटर नव्या वायंडिंगनेही गरमच चालते. बाबा म्हणून छिन्नीने कापतात, वेळ लागला तरी.

करून बघायचं असेल तर पडद्याचा ॲल्युमिनियमचा पाइप आण, हार्डवेअरवाल्याकडे तुकडा मिळतो, आणि त्यात सहज जाईल असा छोटा पण पॉवरफुल चुंबक. आधी बघ की पाइपला चुंबक चिकटत नाही. मग वरून सोड. मोबाईलवर व्हिडिओ काढ, तेवढाच खिळा सोडून त्याचाही काढ. नंतर पाइपला करवतीने उभी चीर पाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत सोडायच्या आधी काय होईल ते वहीत लिहून मला पाठव, कारणासकट. सोडून बघितल्यावर लिहिलेलं चालणार नाही.

डब्यात वरच्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी आहे, ती खलबत्त्यात कुटलीय. मिक्सर दुरुस्तीला आहे.

तुझी आई