खाडा मांडणाऱ्या माझ्या आजीला

प्रिय आजी,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र उघडंच ठेवतेय. गावाहून आलेली कार्डं तू जशी मेंबरांकडून वाचून घ्यायचीस, तसं हेही कुणीतरी वाचून दाखवेल.

मेंबर! हा शब्द आता जिमपुरता उरलाय. लालबागच्या आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत जेवायला येणारा प्रत्येक गिरणी कामगार तुझा मेंबर असायचा. बायकापोरं कोकणात, हा इथे सात-आठ जणांबरोबर एका खोलीत पाळीपाळीने झोपणार, आणि जेवायला तुझ्याकडे. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते, त्यांच्या एकट्याच्या पगारात पाच पोरं वाढणं कठीण, म्हणून तू खाणावळ काढलीस. पहाटेच्या भोंग्याआधी तुझी चूल पेटलेली असायची.

तुझा हिशेब दाराच्या मागच्या भिंतीवर, कोळशाने. नावं नाहीत, चित्रं. एकाची छत्री, एकाचा बांगडा, टक्कल पडलेल्याचा नुसता गोल. त्यापुढे रेघा. मी लहानपणी समजायचे, जितक्या रेघा तितकी जेवणं. तू हसलीस. "जेवलेलो कित्याक मोजू? इलो नाय तो मोजूचो."

तू खाडा मांडायचीस. खाणावळीत सगळेच खाडे मांडतात म्हणा, पैसे कापायचे असतात. पण एखाद्याच्या चित्रापुढे लागोपाठ दोन रेघा पडल्या की तू धाकट्या काकांना त्याच्या खोलीवर पिटाळायचीस. ताप असेल तर पेज जायची. दारू असेल तर तू स्वतः जायचीस, आणि मग त्या खोलीत काय व्हायचं ते काका अजून हसत हसत सांगतात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, एवढं मी पुस्तकात वाचलं. पण पुढे महिनोनमहिने त्यातल्या पंचवीस-तीस जणांना उधारीवर कोण वाढत होतं, ते भिंतीवर होतं. आधी वाण्याची उधारी थकली, मग तुझ्या पाटल्या गेल्या. आजोबा चिडले तर म्हणालीस, "पोटाक संप नसता."

बँकेचं कर्जही होतंच डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तुझ्यासारख्या खाणावळवाल्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या दारात नेलं. तारण ठेवायला काही नाही, म्हणून एकमेकींना जामीन राहायचं. तूही अंगठा उठवला होतास. संपातसुद्धा तो हप्ता तू चुकवला नाहीस, कारण चुकला असता तर शेजारणीच्या गळ्याशी आलं असतं.

भिंतीला चुना लावायचा ठरला तेव्हा मी आठ वर्षांची. बाबा म्हणाले, निदान वहीत उतरवून घेऊ. तू नको म्हणालीस. छत्रीवाला पुढे दर मे महिन्यात आमसुलं पाठवत राहिला. बांगडेवाला कधीच दिसला नाही. कोण देणं बुडवून गेला, ते नाव तू कुणालाच सांगितलं नाहीस, आजोबांनाही नाही.

एक मात्र सांगते. घरच्या मुलींना तू शेवटी वाढायचीस. तळाची आमटी, मोडकी भाकरी. मेंबराचा खाडा तुला दिसायचा, आत्याच्या ताटातला कमी भात दिसायचा नाही. आत्या अजूनही गरम भाकरी पहिल्यांदा स्वतः घेते आणि मग सगळ्यांकडे बघते. त्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही.

बाकी सगळ्यांबद्दल मानते. मी बँकेत बचत गटांची कर्जं बघते, तुला आवडलं असतं. आमच्याकडे हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं बुडीतात धरायला लागतात, आणि मग संगणकच लाल अक्षरं दाखवतो. मी तोवर थांबत नाही. डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने माझी चित्रं असतात: शिलाई मशीन, म्हैस, पापडाची लाटी. पुढे रेघा. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटतं, मी मीटिंगमध्ये कंटाळून गिरगटते.

परवा साहेबांनी विचारलं, म्हशीवालीला अजून पत्र का नाही गेलं? दोन हप्ते चुकलेत.

म्हटलं, आधी जाऊन येते.

गेले तर म्हैस गाभण होती, दूध आटलेलं, आणि बाई सासूला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात. शेजारणीने बसवून चहा दिला. ती त्याच गटातली, तिचाही जीव टांगणीला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा बाई भेटली. व्यायल्यावर भरते म्हणाली. मी तारीख लिहून घेतली. साहेबांना अजून पटलेलं नाही.

तुझी नात