हिरव्या 40 खुणा आणि तुमचा एक फोन

ताई,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. पण आभार सगळ्यांसमोर मानणार, हे मी तेव्हाच सांगितलं होतं आणि तुम्ही "बरं, बघू" म्हणाला होतात. त्याला मी होकार धरलाय.

गोष्ट आमच्या 140 कम्प्युटरांवर नवं ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचा मायक्रोसॉफ्टचा संच, टाकण्याची. एका रात्रीत सगळीकडे टाकायला जायचं नाही, टप्प्याटप्प्यानं जायचं, एवढी अक्कल आम्हाला होती. आधी 10, मग 40, मग उरलेले 90. त्यासाठीचं मायक्रोसॉफ्टचंच ऑफिस डिप्लॉयमेंट टूल घेतलं, काय, कुठून आणि कसं टाकायचं ते त्याला सांगणारी कॉन्फिगरेशनची एक्सएमएल फाइल लिहिली आणि इन्स्टॉलेशनच्या सगळ्या फाइली एकदाच सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये उतरवून ठेवल्या, म्हणजे प्रत्येक मशीन वेगवेगळं इंटरनेटवर जाणार नाही. पहिले 10 दोन दिवसांत उरकले. कुठे काही अडलं नाही. मी वरिष्ठांना तसा मेल टाकला, त्यात "सुरळीत" हा शब्द दोनदा होता. (तो मेल नंतर तुम्ही माझ्याकडून वाचून घेतलात आणि हसला नाहीत, त्याचे आभार वेगळे.)

दुसरा टप्पा रात्रीचा लावला. सकाळी डिप्लॉयमेंट सर्व्हरचा, म्हणजे सगळ्या मशीनवर आपोआप सॉफ्टवेअर टाकणाऱ्या सर्व्हरचा, रिपोर्ट उघडला तर 40 पैकी 40 हिरवे. साडेनऊला पहिला फोन आला, "नवं ऑफिस आलंय म्हणे, कुठंय?" दहापर्यंत असे सात झाले. जागेवर जाऊन पाहिलं तर जुनंच ऑफिस, होतं तसं. एरर नाही, खिडकी नाही, काही म्हणजे काही नाही. दिसणार तरी कसं? कॉन्फिगरेशनमध्ये डिस्प्ले मीच 'नन', म्हणजे पडद्यावर काहीच दाखवू नको, असा ठेवला होता, लोक मध्येच काहीतरी बघून बटणं दाबायला लागू नयेत म्हणून.

3 मशीनवर मात्र नवं ऑफिस खरंच होतं. माझे दोन दिवस या तिघांनी खाल्ले. त्यांच्यात असं वेगळं काय आहे, हे शोधत मी रॅम मोजली, विंडोजचे अपडेट जुळवून पाहिले, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, नेटवर्कच्या केबली बदलल्या. कशाचा कशाला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला फोन लावला. तुम्हाला इथली नोकरी सोडून बरीच वर्षं झालीत, त्यामुळे आधी दहा मिनिटं नंबर समोर ठेवून नुसता बसलो होतो.

तुमचा पहिला प्रश्न अजून कानात आहे. "तू आत्तापर्यंत काय काय बदललंस?" मी आठ गोष्टी सांगितल्या. तुम्ही म्हणालात, "आठही होत्या तशा कर आणि मग फोन कर." मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. मदत मागायला गेलो आणि अर्धा तास स्वतःचीच कामं उलटी करत बसलो. अँटिव्हायरस बंद केलेली दोन मशीन मी विसरूनच गेलो होतो, ती त्या अर्ध्या तासात सापडली.

दुसऱ्या फोनवर तुम्ही लॉग मागितलात, म्हणजे इन्स्टॉल करताना काय काय घडलं त्याची नोंद-फाइल. मी म्हटलं, लॉग नाहीच तयार झाला, टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, रिकामा आहे.

"कुणाचा टेम्प?"

"माझा."

"इन्स्टॉल तू करतोयस का?"

नाही, करत होता सर्व्हर. म्हणजे त्या मशीनवर ते काम चालत होतं विंडोजच्या स्वतःच्या, सिस्टम या अकाउंटखाली, आणि त्या अकाउंटचा टेम्प म्हणजे विंडोज फोल्डरच्या आतला टेम्प. तिथे गेलो तर फाइल होती की! नावात मशीनचं नाव, तारीख, वेळ, सगळं. तीन दिवस तो लॉग तिथे पडून होता आणि मी केबली बदलत होतो. लॉग भरपूर लांब होता. "सगळा वाचू नकोस, सोर्स कुठून घेतोय तेवढं शोध," म्हणालात. सापडलं. सोर्स होता झेड ड्राइव्ह.

मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. झेड म्हणजे सर्व्हरवरचा तोच शेअर, माझ्या मशीनवर रोज दिसतो. त्यावर तुम्ही मला समजावत बसला नाहीत. त्या 37 पैकी एका मशीनपाशी बसवलंत, पीएसएक्सेक हे छोटं टूल वापरून सिस्टम अकाउंटची कमांडची खिडकी उघडायला लावलीत आणि पहिली आज्ञा सांगितलीत, हू-ॲम-आय, म्हणजे मी कोण. उत्तर आलं, एनटी ऑथॉरिटी सिस्टम. "आता झेडची यादी माग." पाथच सापडत नाही, असं उत्तर. बरोबरच आहे, मॅप केलेला ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलेलं असं अक्षर, हा लॉगिन केलेल्या माणसाचा असतो. सिस्टमच्या जगात झेड नावाचं काही नसतंच. "आता सर्व्हरच्या नावानिशी पूर्ण पाथ दे." दिला. ॲक्सेस इज डिनाइड, म्हणजे परवानगी नाही.

त्या दुसऱ्या उत्तरावर मी खचलो आणि तुमचा आवाज मात्र खुलला, हे मला फोनवरही कळलं. "छान! दोन चुका आहेत, एक नाही. नुसती पहिली दुरुस्त केली असतीस तर उद्या परत इथेच आला असतास." शेअरवर परवानगी दिली होती ती माणसांच्या ग्रुपला. सिस्टम अकाउंट नेटवर्कवर गेलं की ते कम्प्युटरच्या स्वतःच्या अकाउंटनं ओळख देतं, ते ज्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असतं ना, ते. त्याला आमच्या शेअरचं दार बंद होतं. डोमेन कम्प्युटर्स, म्हणजे आमच्या नेटवर्कातल्या कम्प्युटरांच्या ग्रुपला वाचण्याची परवानगी द्यायची, आणि ती दोन्ही ठिकाणी, शेअरवर आणि फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये, कारण दोन्हींत जे कडक असेल तेच चालतं. एक्सएमएलमध्ये झेड काढून पूर्ण पाथ लिहिला. त्याच काळ्या खिडकीतून सेटअप चालवला. डिस्क गुरगुरायला लागली. मी अक्षरशः कान लावून ऐकत होतो.

मग पहिले 10 कसे झाले? ते मी हातानं केले होते, स्वतःच्या लॉगिननं, झेड ड्राइव्ह समोर ठेवून. शिवाय दहाच्या दहा मशीन आमच्याच विभागातली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे पायलट, ही सुरुवातीची चाचणी, तू सॉफ्टवेअरचा केलास, वाटेचा केलाच नाहीस. अडचण वाटेत होती." आणि ती 3 मशीन? तीही मीच, महिन्याभरापूर्वी चाचणी म्हणून हातानं केलेली, यादीतून काढायची राहिलेली. त्यांच्यात वेगळं काहीच नव्हतं. दोन दिवस मी माझ्याच पाऊलखुणांमागे फिरत होतो.

आता खरं म्हणजे ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट. 37 मशीनवर काहीच झालं नव्हतं, तर रिपोर्ट हिरवा का? तुम्ही मला बॅच फाइल मोठ्यानं वाचायला लावलीत, म्हणजे ज्या आज्ञांच्या फाइलीतून सर्व्हर सेटअप चालवत होता ती. मी एकेक ओळ वाचत गेलो. शेवटची ओळ होती, एक्झिट, आणि पुढे शून्य, म्हणजे यशाचा कोड. म्हणजे सेटअपचं काहीही होवो, बॅच फाइल सर्व्हरला सांगणार, झालं बरं का व्यवस्थित. फोनवर शांतता. मला वाटलं कॉल कट झाला.

मग तुम्ही म्हणालात, "थांब. ती ओळ माझी आहे."

ती फाइल मी जुन्या फोल्डरमधून उचलली होती, कुणाची म्हणून विचारलंही नव्हतं. तेव्हाचं कुठलंसं इन्स्टॉलर काम नीट उरकून 3010 हा कोड द्यायचं, म्हणजे इन्स्टॉल झालंय, फक्त मशीन रीस्टार्ट करा. तेव्हाचा सर्व्हर शून्य सोडून सगळ्याला अपयश समजायचा. म्हणून तुम्ही तेवढ्यापुरतं शेवटी शून्य लावलं होतं, आणि ते तसंच राहून गेलं. हे सगळं तुम्ही स्वतःहून सांगितलंत. मला काहीच कळलं नसतं. "कुणीतरी पूर्वी लिहिलं असेल" म्हणून पुढे गेला असतात तरी मी मानच डोलावली असती. उलट तुम्ही म्हणालात की ही चूक तुझ्या रिपोर्टमध्ये माझ्या खात्यावर लिही. मी लिहिली नाही. कारण न वाचता कॉपी केली ती मी. त्यावरून आपलं थोडं भांडणही झालं, ते तसंच राहू दे.

नवी बॅच फाइल तुम्ही लिहून दिली नाहीत, मला लिहायला लावलीत. सेटअपचा कोड आला तसा पुढे द्यायचा. 3010 आलं तर सर्व्हरला ते यश म्हणून ओळखायला शिकवायचं, फाइलनं खोटं बोलायचं नाही. 1618 आलं तर दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू आहे, थोड्या वेळानं परत प्रयत्न.

37 मशीन दुसऱ्या रात्री झाली. सकाळी रिपोर्ट हिरवा होता आणि मी तरीही प्रत्येक जागेवर जाऊन आलो. ही सवय जाईल असं वाटत नाही.

तिसऱ्या टप्प्याआधी तुम्ही एक साधा हिशोब विचारलात. आमचा फोल्डर 3 जीबीचा, मशीन 90, म्हणजे 270 जीबी. सर्व्हरची लाइन एक गिगाबिटची. सगळं आदर्श चाललं तरी 36 मिनिटं ती लाइन दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, आणि आदर्श कधीच काही चालत नाही. म्हणून टप्प्याच्या आत अजून एक टप्पा केला. आधी दोन-तीन रात्रींत फाइली प्रत्येक मशीनच्या डिस्कवर नुसत्या नेऊन ठेवायच्या, इन्स्टॉल काहीच करायचं नाही. नंतर ज्या दिवशी करायचं त्या दिवशी सेटअप शेजारच्याच फोल्डरमधून उचलणार. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या टूलनं पाठवल्या, पॅकेटांमध्ये थोडा थोडा वेळ सोडून, म्हणजे लाइन मोकळी राहते. आणि सकाळी काय? त्या रात्रीच्या 30 पैकी 30 लाल!

या वेळी मी तुम्हाला फोन केला नाही. लॉग उघडला. फाइली जागेवर होत्या. मग कोड पाहिला, 1. रोबोकॉपीमध्ये 1 म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. 0 म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. गडबड 8 पासून पुढे. आदल्या वेळी खोटा हिरवा, या वेळी खोटा लाल. तुम्हाला मेसेज टाकला, त्यावर तुमचा नुसता अंगठा आला. तो अंगठा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

शेवटच्या 90 मध्ये 11 मशीन खरोखर अडली. बहुतेक हिशोब विभागाची. तिथे जुनं 32-बिट व्हिजिओ, आकृत्या काढायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, होतं, आम्ही टाकत होतो 64-बिट ऑफिस, आणि हे दोन एका मशीनवर नांदत नाहीत. सगळं उचलून 64 करता आलं असतं. पण तुम्ही आधी त्या लोकांशी बोलायला सांगितलंत. बोललो, तर कळलं की त्यांची महिनाअखेरीची एक्सेल फाइल एका जुन्या ॲड-इनवर, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या प्रोग्रामवर, चालते, जे 32-बिटचंच आहे, आणि त्यातले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, कुणीतरी केव्हातरी लिहिलेले, ज्यातल्या डिक्लेअरच्या ओळी 64-बिटमध्ये बदलल्याशिवाय चालणारच नाहीत. त्या 11 जणांसाठी वेगळी कॉन्फिगरेशन फाइल केली, 32-बिटची. हिशोबातल्या एका बाई म्हणाल्या, "आम्हाला आधी विचारलं, हे पहिल्यांदाच झालं." ते श्रेय तुमचं आहे, मी नुसतं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी पायलटच्या 10 मध्ये त्यांची 2 मशीन आधी धरणार आहे. आमच्या विभागातली गुळगुळीत मशीन घेऊन पायलट करणं म्हणजे रिकाम्या रस्त्यावर गाडी शिकणं.

एकूण किती वेळ दिलात ते मी फोनच्या नोंदीत पाहिलं. चार दिवसांत पाच कॉल, मिळून 3 तास 10 मिनिटं. यातला एकही मिनिट तुमच्या कामाचा नव्हता. माझा पगार त्या दिवसांचा मला मिळाला, तुम्हाला काहीच नाही, आणि विचारलं तेव्हा तुम्ही विषय बदललात.

तुमची जुनी बॅच फाइल मी पुसलेली नाही. त्याच फोल्डरमध्ये आहे, फक्त वर दोन ओळींची टीप लिहिली आहे, ही कशासाठी होती आणि आता का वापरू नये. तुमचं नाव तिथेही नाही.

आज सकाळी रिपोर्ट पाहिला. 139 हिरवे, एक राखाडी. ते मशीन रजेवर गेलेल्या माणसाचं आहे आणि बंद आहे. साहेब म्हणाले, तेवढं एक हिरवं करून टाक, वर पाठवायचंय. मी राखाडीच पाठवलं.

तुमचा,
केबली बदलणारा