शेकोटीचा फोटो छापता, आता लोहाराच्या शिकवणीचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी डिसेंबर लागला की निफाडचा पारा किती घसरला ही बातमी आणि शेजारी शेकोटीचा फोटो हे तुमच्या पेपरात ठरलेलं, आणि त्या फोटोत कोणीतरी एक जण अर्धवट जळक्या काठीनं निखारे सारत असतोच. इतकी वर्षं मी तो फोटो बघून पान उलटायचे, पण यंदा माझी नजर सरळ त्या काठीवर जातेय, कारण निखारे ढोसायची लोखंडी सळई मी स्वतःच्या हातानं घडवलीय. वय ५४, बँकेतून व्हीआरएस, लाटण्यापेक्षा जड काही आयुष्यात फिरवलेलं नाही.

झालं असं की भाच्यानं गंगापूर धरणाच्या बाजूला होमस्टे काढलाय आणि पाहुण्यांना हौस म्हणून हॉलमध्ये विलायती फायरप्लेस बांधलंय (नाशिकला, फायरप्लेस! असो). तिकडे थंड देशांत फायरप्लेसजवळ पोकर टांगलेला असतो, टोकानं लाकूड ढकलायचं आणि बाजूच्या आकड्यानं पुढे ओढायचं. यानं तो ऑनलाइन मागवला, निघाली आतून पोकळ नळी, तिसऱ्या दिवशी ओंडका उचकटायला गेला तर वाकली. मी म्हटलं अरे लोहाराकडून करून घे की, तर म्हणे मावशी आता लोहार राहिलेत कुठे.

आहेत की. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे एक नवरा-बायको ताडपत्रीखाली भट्टी लावून बसतात, विळे, कोयते, कुऱ्हाडी, फाळ पाजवून देणं, सगळं करतात. मी गेले ऑर्डर द्यायला आणि तोंडातून निघून गेलं की मामा, मला शिकवाल का. ते हसले, मामी हसल्या नाहीत, त्यांनी माझी सिंथेटिक ओढणी बघितली आणि म्हणाल्या उद्या सुती घालून या, हे ठिणगीनं अंगाला चिकटतं.

सामान म्हणजे १२ एमएमचा चौकोनी बार, तीन फूट, वजनाला साधारण किलोभर. भाच्यानं घरातला जुना जीआय पाईप दिला होता, तो मामांनी बघताक्षणी बाजूला फेकला, त्यावरचं जस्त भट्टीत धूर होऊन उडतं आणि तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो म्हणे. ताडपत्री मला वाटलं उन्हासाठी आहे, पण ती रंग दिसावा म्हणून आहे, उघड्या उन्हात तापलेलं लोखंड काळंच दिसतं आणि माणूस फसतो. लोहाराकडे थर्मामीटर नसतो, रंगावरच सगळं. पिवळसर नारिंगी, म्हणजे हजार-अकराशे डिग्रीच्या आसपास, असेल तेव्हाच मारायचं आणि गडद लाल झालं की हावरटपणा न करता परत कोळशात. मी हावरटपणा केला, दर वेळी, अजून दोनच घाव दोनच घाव करत, आणि गार लोखंडावर हातोडा असा उडतो की कोपरापर्यंत झिणझिण्या.

पहिल्या दिवशी तर टोकच जाळलं. ब्लोअर चालू, बार कोळशात, आणि मी फोनवर बहिणीशी बोलतेय. भट्टीतून फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या, मला वाटलं वा काय सुंदर, आणि मामा ओरडले काढा काढा. लोखंड वितळायला १५३८ डिग्री लागतात हे शाळेत घोकलं होतं, पण ते त्याआधीच जळायला लागतं हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर फुलबाजीत तरी काय असतं, लोखंडाची भुकटीच जळते ना. बाहेर काढलं तर टोकाला शिळ्या जिलबीसारखा भुसभुशीत गोळा. दोन इंच छिन्नीनं तोडून टाकावं लागलं.

मग टोक काढणं. मला गोल टोक हवं होतं म्हणून मी गोलच मारत सुटले, तर टोकाला मधोमध चीर पडून माशाच्या तोंडासारखं झालं. मामींनी बार हातातून घेतला आणि एकच वाक्य बोलल्या, आधी चौकोनी, मग आठकोनी, मग गोल. प्रत्येक घावाला बार पाव फिरवायचा, म्हणजे ज्या दोन बाजू आत्ता दबल्या त्यांच्या आडव्या बाजू लगेच दाबल्या जातात. जड काम असेल तेव्हा घण मामीच मारतात, मामा सांडशीत धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवतात, टिक, आणि त्याच जागी धाड. नवरा-बायकोचं हे बोलणं मी तासभर बघत बसले. मला म्हणाल्या ताई मनगट सैल सोडा, हातोडा स्वतःच पडतो, तुम्ही फक्त उचला.

पीळ द्यायची हौस माझीच. बार वाइसमध्ये धरून पान्यानं फिरवायचा, सोपं वाटतं, पण लोखंड जिथे जास्त तापलंय तिथेच पीळ बसतो, त्यामुळे माझ्या सळईला एका जागी स्क्रूसारखे दाट आटे आणि पुढे नुसता आळस. मामा डब्यातून त्या दाट भागावर पाणी ओतत होते, तो गार झाला की पुढचा वळतो, पण माझी घाई. शेवटी मी विचारलं आता पाणी द्यायचं ना कडक व्हायला, तर म्हणाले याला कशाला, हे मऊ लोखंड आहे, पाणी देऊन काही होत नाही, पाणी कोयत्याला नाहीतर छिन्नीला द्यायचं, ती ट्रकच्या कमानपाट्याची असतात, आणि ही तर रोज आगीतच जाणार. तारेच्या ब्रशनं खवले काढले, कोमट-गरम असताना जवसाचं तेल चोळलं, काळी कुळकुळीत झाली. वर टांगायला कडी, खाली बोटासारखा आकडा. तीन रविवार गेले.

आता मुद्दा. मामांनी पैसे किती घेतले तर लोखंडाचा भाव आणि कोळसा. शिकवण्याचे म्हटलं तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले, शिकवण्याचे कसले पैसे. याच शहरात मातीच्या भांड्याच्या दोन तासांच्या वर्कशॉपला मी १,५०० रुपये मोजलेत आणि घरी वाकडा मग आणलाय, तिथे कोणी लाजलं नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत लोहार आहे, ट्रेनिंगला रोजचे ५०० रुपये, अवजारांना १५,००० पर्यंत मदत, चांगलंच आहे, पण त्यात लोहार विद्यार्थी. चाळीस वर्षं घण मारणाऱ्या बाईला शिकवायचं, ठीक आहे शिकवा, पण तिच्याकडून शिकायचे पैसे कोण देणार? आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतायत, व्हायलाच पाहिजेत, पण ही भट्टी वर्षात दोनदा उचलायला लागलीय. एखाद्या शेडचा कोपरा, रविवार सकाळ, आठ-दहा शिकाऊ, माणशी हजार रुपये थेट या जोडप्याच्या हातात, एवढंच मागतेय. तुमच्या पेपरनं एकदा फोटोग्राफर पाठवला तर निम्मं काम होईल.

भाच्याला अजून दोन सळया हव्यात, म्हणून मी रविवारी आहेच तिथे. कोणाला यायचं असेल तर नऊच्या आत या, सुती कपडे, बंद बूट, फोन पिशवीत, आणि मामींनी घण उचलला की समोर उभं राहू नका.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक