मत्तय शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

मत्तयचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं एक चरित्र, तुमच्यापाशी वाचायला मिळालं, म्हणून हे जाहीर आभार. परूशी हा येशूच्या काळातला, धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ; पण ‘परूशी म्हणजे ढोंगी’ या एका वाक्यावर आमची कितीतरी वर्षं भागवली गेली. ते शिकवणाऱ्यांना परूशांच्या बाजूचं एक पान तरी उघडावं असं कधी वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही.

तुमच्या पानावर तीन रकाने असत: मार्क (मत्तयने वापरलेलं आधीचं शुभवर्तमान), मत्तय आणि त्याच विषयावरचा यहुदी मजकूर. आधी पहिले दोनच वाचायचे आणि मत्तयने काय गाळलं, काय घातलं त्याखाली रेघ ओढायची. जेवणाआधी हात धुण्याच्या वादात मार्क यहुद्यांची रीत समजावून सांगतो (७:३-४). मत्तय ते सगळं गाळतो, कारण त्याच्या वाचकांना ती रीत ठाऊक होती. संकटात पळायची वेळ हिवाळ्यात येऊ नये अशी प्रार्थना करा, एवढंच मार्क म्हणतो. मत्तय त्यात शब्बाथाची, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसाची, भर घालतो (२४:२०). सूटपत्राच्या, म्हणजे बायकोला सोडण्याच्या, प्रश्नात तो ‘कोणत्याही कारणावरून’ हे वाढवतो (१९:३), आणि तिथे तिसरा रकाना बोलू लागतो. मिश्नात, म्हणजे यहुदी गुरूंच्या नियमांच्या संग्रहात, गिट्टिन या घटस्फोटावरच्या भागात (९:१०) शम्मय या गुरूचे अनुयायी म्हणतात, बायकोत काही लज्जास्पद आढळलं तरच. हिल्लेल या दुसऱ्या गुरूचे म्हणतात, तिने स्वयंपाक बिघडवला तरीही. येशूला कुठल्या चालू वादात ओढलं जात होतं, ते तेव्हा कळतं.

पण सगळ्यात मोठे आभार तुमच्या पेन्सिलीचे. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक उताऱ्याशेजारी तुम्ही बारीक अक्षरात काळ लिहिला होता. मिश्नाचं संकलन इ.स. २०० च्या सुमाराचं. यरुशलेमचं मंदिर पडलं ७० मध्ये, आणि मत्तय बहुधा ८०-९० मधला. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: मिश्नातला नियम उचलून थेट येशूच्या काळावर लादतात. खड्ड्यात पडलेल्या मेंढराशेजारी (१२:११) तुम्ही म्हणूनच मिश्ना न ठेवता दमास्कस दस्तऐवज, म्हणजे एका कडक यहुदी गटाची नियमावली, ठेवलात. मृत समुद्राकाठच्या कुमरानला त्याच्या इ.स.पू. पहिल्या शतकातल्या प्रती सापडल्या आहेत, आणि त्यात शब्बाथाच्या दिवशी असं जनावर वर काढायला मनाई आहे. येशू मात्र समोरचे परूशी मेंढरू काढतीलच, असं धरून बोलतो. म्हणजे इथे ते दस्तऐवजवाल्यांपेक्षा त्याच्या जवळचे ठरतात!

जे उत्तर द्यायला हयात नाहीत त्यांच्याही तोंडी भलतं काही घालू नये, ही सचोटी फार थोड्यांकडे असते. मोठी व्याख्यानं देणाऱ्यांत ती क्वचितच दिसली.

आता २३ वा अध्याय येईल. एक विनंती आहे. परूशांना केलेला धिक्कार, ते ‘हायहाय’, सुरू होण्याआधी, परूशी सांगतात ते पाळा असं येशू स्वतःच म्हणतो (२३:२-३). त्या दोन ओळींना वेगळं पान द्याल का?

आपला कृतज्ञ,
वर्गातला एक विद्यार्थी